कितीला पडलं?

अमेरिकेला निघालोय असं पुण्यात कुणाला सांगितलं की पूर्वी लोक "परत कधी?" विचारायचे. आता "कितीला पडलं?" विचारतात. लेक कशी आहे, नात केवढी झाली, हे सगळं मागाहून. आमच्या सोसायटीत मागच्या कित्येक उन्हाळ्यांचे मुंबई–नेवार्क दर तोंडपाठ असलेले गृहस्थ आहेत. स्वतःच्या नातवाचा वाढदिवस मात्र ते बायकोला विचारतात.

मुळात आम्ही उन्हाळ्यातच का जावं? दोघंही निवृत्त, फेब्रुवारीतही मोकळेच. पण न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात, लेक-जावई दोघं नोकरीत, आणि तिथल्या समर कॅम्पची फी ऐकली की आजी-आजोबांचं विमानभाडं किरकोळ वाटायला लागतं. हा हिशेब लेकीनं आम्हाला कधी बोलून दाखवला नाही. मी आपला मनात करून पाहिला. बरोबर आहे तिचा. पंचाईत अशी, की तोच हिशेब हैदराबादच्या, अहमदाबादच्या आणि चेन्नईच्या लेकींनीही केलेला असतो. त्यामुळे जूनमध्ये देशातले निम्मे आजी-आजोबा एकदमच आकाशात असतात आणि विमान कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

पुणेकराला या दरांचा त्रास जरा जास्तच होतो. त्याची जडणघडण 'एकच भाव' या पाटीखाली झालेली. भाव एक, दुपारी एक ते चार बंद, घ्यायचं तर घ्या. विमानात मात्र एका रांगेतल्या तिघांनी तीन वेगवेगळे आकडे मोजलेले असतात आणि तिघांनाही तोच थंडगार पाव मिळतो. हे काही पहिल्यापासून नव्हतं. अमेरिकेत 1978 पर्यंत देशातल्या देशात उडण्याचं भाडं सरकारी मंडळ ठरवायचं. त्या वर्षी कायदा झाला, कंपन्या मोकळ्या सुटल्या, आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांच्यासारख्या मंडळींनी रिकाम्या खुर्चीचं शास्त्रच मांडलं. विमान उडालं की रिकामी खुर्ची फुकट गेली. तेव्हा काही खुर्च्या आधीच स्वस्तात काढून टाकायच्या आणि काही अडलेल्या माणसासाठी महागात राखायच्या. अडलेला माणूस म्हणजे आम्ही. इकॉनॉमीतल्या एकाच रंगाच्या त्या खुर्च्या यंत्रात बऱ्याच वर्गांत वाटलेल्या असतात, प्रत्येक वर्गाला एकेक इंग्रजी अक्षर. 'वाय' हा सहसा सगळ्यात महाग. त्याखालची उतरंड ज्या-त्या कंपनीची वेगळी.

या अक्षरांनी एका रात्री आमच्या घरात चांगलंच वाजवलं. एकाचं तिकीट शोधलं तर अठ्ठ्याण्णव हजार, दोघांचं शोधलं तर प्रत्येकी एक लाख बारा. भाच्यानं फोनवर उलगडा केला. स्वस्त वर्गात एकच खुर्ची उरली असेल, तर यंत्र दोघांनाही वरच्या वर्गात ढकलतं. तिकिटं वेगवेगळी काढा, चौदा हजार वाचतील. मी उत्साहानं हिला सांगायला गेलो.

"मग स्वस्तातलं कुणाचं?"

"कुणाचंही. खुर्ची तशीच, जेवण तेच."

"तरी पण?"

"तुझं धर."

"धरणारच. माझं म्हटलं की स्वस्तातलंच."

"बरं, माझं धर."

"आणि माझ्यावर एक लाख बारा? मला काय सोनं लागलंय?"

हे मिटेपर्यंत ती एकुलती एक खुर्चीही कुणीतरी उचलली.

सल्लागारांना तोटा नाही. भाचा म्हणतो गुप्त खिडकीत शोधा, नाहीतर कंपनी तुम्हाला ओळखते आणि भाव चढवते. मला सोसायटीचा वॉचमन अजून ओळखत नाही, कंपनी कुठून ओळखणार? बहुतेक वेळा पडद्यावर दिसतो तो शिळा भाव असतो, पैसे भरायच्या पानावर ताजा येतो, एवढंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मंगळवारी मध्यरात्रीवर विश्वास. आता दर दिवसातून कितीदाही बदलतात. मंगळवारचं पुण्य उरलंय ते गणपतीपाशी. उडायचं मात्र आठवड्याच्या मधल्या वारी, ते बहुधा स्वस्त पडतं, हे खरं.

स्वस्ताईचा खरा अड्डा म्हणजे वाकडी वाट. एकदा मुंबई–आदिस अबाबा–लोमे–नेवार्क असा मार्ग निघाला. लोमे ही टोगोची राजधानी, हे मला त्या दिवशी कळलं. हिनं चष्मा लावून नकाशा पाहिला आणि "माझे गुडघे टोगोला येणार नाहीत" असं जाहीर केलं. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडण्याची युक्तीही आकड्यात फार गोड दिसते. पण पहिलं विमान रखडलं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि मधल्या गावी बॅगा घ्यायला बाहेर पडायचं तर आपल्या पासपोर्टला बऱ्याच ठिकाणी त्या देशाचा व्हिसा लागतो. भाजणीचं पीठ इस्तंबूलच्या पट्ट्यावर गोल फिरतंय आणि आम्ही काचेपलीकडून बघतोय, हे काही मला सोसवेना.

शेवटी दोहामार्गे, मधे साडेतीन तास, असं एकाच कंपनीचं तिकीट काढलं. त्यानंतरचा दिवस सर्वांत वाईट. अमेरिकेच्या नियमानं तिथं जाणाऱ्या-येणाऱ्या विमानाचं तिकीट सात दिवस किंवा त्याहून आधी, थेट कंपनीकडून काढलं, तर बहुधा 24 तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. नियम प्रवाशाच्या भल्याचाच, पण त्यापायी मी रात्रभर घेतलेल्या तिकिटाहून स्वस्त तिकीट शोधत बसलो. एकदा भाव अठराशेनं उतरला, तेव्हा मी हिला उठवलं. ती काय म्हणाली ते इथं छापण्यासारखं नाही.

सकाळी लिफ्टमध्ये ते दर तोंडपाठवाले गृहस्थ भेटलेच.

"कितीला पडलं?"

मी आकडा सांगितला. जीएसटी वगळून.

"अरेरे! आम्हाला तुमच्याहून नऊ हजारांनी कमी पडलं. दोघांचे अठरा वाचले."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आली होती.

"वा! बॅगा किती हो त्यात?"

"माणशी एक."

"फक्त तेवीस किलो?" मी म्हणालो. "आम्हाला दोन-दोन आहेत. तुमची बाकरवडी न्यायची असेल तर सांगा, जागा आहे."