बाकी सगळं घरात आहेच

मॉनिटरकर तुम्हाला माहीत आहेत. खरं आडनाव काहीही असो, दर सोसायटीत आणि दर गोतावळ्यात एक मॉनिटरकर असतातच. घरात नव्या टीव्हीचा विषय निघाला, की माळ्यावरच्या कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटरकडे बोट दाखवून ते म्हणतात, "कशाला उगाच? फक्त एक पिन आणावी लागेल, बाकी सगळं घरात आहेच." या वाक्याचा उत्तरार्ध नेहमी खरा असतो आणि पूर्वार्ध कधीच नाही. लोक त्यांना चिक्कू म्हणतात. पण हा आरोप पुराव्यावर टिकत नाही, कारण चिक्कू माणसाचे पैसे वाचतात.

एके काळी त्यांचा हिशेब चोख होता, हे आधी मान्य करायला हवं. मुलाच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला कॉम्प्युटर दिवसाचा बराचसा वेळ प्लास्टिकच्या कव्हरखाली झोपलेला असायचा आणि बाहेर हॉलमध्ये सासूबाईंची मालिका नि मॅच एकाच वेळेला लागायची. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत टीव्ही ट्यूनरचा डबा मिळायचा. केबल त्यात खुपसायची, डब्याची वायर मॉनिटरला लावायची, की कॉम्प्युटर चालू न करताच आतल्या खोलीत दुसरा टीव्ही तयार. डबा दिसायला फुटकळ असला तरी त्याचं काम फुटकळ नव्हतं. आपल्याकडचा जुना टीव्ही सिग्नल सेकंदाला १५,६२५ ओळी काढायचा, तर मॉनिटरला त्याच्या दुपटीच्या आसपास, ३१ हजारांवर ओळी लागायच्या. ही दुपटीची जुळवाजुळव तो डबा करायचा. टीव्ही महाग होता आणि मॉनिटर रिकामा होता, तेव्हा हे शहाणपणच होतं. गोची पुढे झाली. परिस्थिती बदलली आणि मॉनिटरकर बदलले नाहीत.

३१ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ ला पुणे, नाशिक, नागपुरात जुनी केबल अधिकृतपणे मोडीत निघाली आणि सेट-टॉप बॉक्स आला. भिंतीतून आलेली वायर थेट डब्यात खुपसायची सोय संपली. मॉनिटरकर डगमगले नाहीत. डब्याला मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं होती, तेव्हा फक्त एक पिन आणावी लागली. (तीन होत्या, पण त्या एकाच वायरीला असल्यामुळे एक धरायची.) पुढे पोराच्या ऑफिसातून निघालेला चपटा एलसीडी मॉनिटर आला, बॉक्सला एचडीएमआय आलं आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए. पुन्हा एक पिन, म्हणजे कन्व्हर्टर. मग चित्र आलं, आवाज आला नाही, कारण मॉनिटरला स्पीकरच नव्हते. पुन्हा एक पिन, आणि तिच्यासाठी स्पीकर. मग मोबाइलसारखं सगळं बघायची स्टिक आली, तिला वेगळा करंट लागला. त्यासाठी एक पिन आणि एक एक्स्टेंशन बोर्ड. या काळात घरातला खण असा भरला, की जी पिन हवी तीच सोडून सगळ्या पिना त्यात मिळाव्यात.

आता त्या सिंहासनाकडे जरा जवळून बघू. मॉनिटर बंद पडलेल्या यूपीएसवर ठेवलेला आहे, कारण उंची कमी पडत होती. मागे व्हीजीएच्या निळ्या पिनेचे दोन स्क्रू. त्यातला एक आवळलेला आणि दुसरा कधीच हरवलेला. ती बाजू खाली लोंबू नये म्हणून जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चौपदरी दुमडून खाली सारलेला. पुठ्ठा सरकला की हिरव्या रंगाचा संपर्क तुटतो आणि अख्खी मालिका किरमिजी होते. "अहो, बघा हो, सून जांभळी झाली," असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं, आणि मॉनिटरकर उठून पुठ्ठा अर्धा इंच आत सारतात. मॉनिटरचा पडदा ऑफिसात समोर बसणाऱ्या एका माणसासाठी बनवलेला. खालून बघितलं की चित्र काळवंडतं. त्यामुळे सतरंजीवर आडव्या झालेल्या आजींना सगळी पात्रं निगेटिव्हमध्ये दिसतात आणि मालिकेतल्या कोणाचं वागणं चांगलं याबद्दल त्यांचं मत घरच्यांपेक्षा वेगळं पडतं. मॉनिटर चौकोनी वळणाचा असेल तर रुंद चित्र त्यात दाबून बसतं आणि सगळे खेळाडू उंच व सडपातळ होतात. स्टिकवर मॅच लावली तर ती बऱ्याच सेकंदांनी मागे असते, त्यामुळे शेजारच्या घरात जल्लोष झाल्यावर मॉनिटरकरांच्या घरातला गोलंदाज धावायला लागतो. यावर उपाय आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. काय लागेल, ते सांगायला नको.

त्यांच्या बाजूने काही मुद्दे मांडले जातात, ते तपासून घेऊ. पहिला मुद्दा चित्राच्या स्वच्छतेचा. बाजारातला स्वस्त ३२ इंची टीव्ही अनेकदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो आणि २२ इंची मॉनिटर १९२० गुणिले १०८० चा, हे खरं. पण मॉनिटरकर पॅकेज साध्या चॅनेलांचं घेतात आणि त्या चित्रात उभ्या अंगाला जेमतेम ५७६ ओळी असतात. म्हणजे उत्तम पडद्यावर त्यांना धूसर चित्राचा धूसरपणा स्वच्छ दिसतो. दुसरा मुद्दा विजेचा. मोठ्या टीव्हीपेक्षा मॉनिटर फार तर २५ वॅट कमी खातो असं धरलं, तर रोजच्या चार तासांत युनिटचा दहावा भाग वाचेल, महिन्याला तीन युनिटं. त्यातली काही कन्व्हर्टर आणि स्पीकर खाऊन टाकतात. तिसरा मुद्दा कराचा. मॉनिटरला टीव्हीपेक्षा जीएसटी कमी, असं ते ठासून सांगतात. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही आणि मॉनिटर दोन्ही १८ टक्क्यांतच आहेत आणि त्याहून मोठेही दोन्ही मिळूनच २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ वर आले. तेव्हापासून सरकारने या दोघांत पंक्तिप्रपंच केलेला नाही. राहता राहिला हुकमी मुद्दा, की मॉनिटर घरात पडूनच होता. होता खरा. पण आजवरच्या पिना, डबा, कन्व्हर्टर, स्पीकर आणि त्यांच्यामागे गेलेले रविवार यांची बेरीज केली, तर दहा हजारांच्या आसपास मिळणारा टीव्ही केव्हाच घरात आला असता. बेरीज होत नाही, कारण मॉनिटरकर पिनांची पावती ठेवत नाहीत.

मग ते हे का करतात? पैसे वाचतात म्हणून नाही, हे सिद्ध झालं. माझ्या मते त्यांना घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची वायर कुठून येते आणि कुठे जाते हे ठाऊक असावं असं वाटतं. टीव्ही बंद पडला की आपण कस्टमर केअरला फोन लावतो आणि नऊ दाबतो. ते पुठ्ठा सारतात. हे मान्य करणं जिवावर येतं, पण आजच्या घरात यंत्रासमोर न घाबरता बसणारा तोच एक माणूस उरला आहे. शिवाय ज्या स्वस्त टीव्हीचं उदाहरण आपण त्यांच्या तोंडावर मारतो, तो स्वस्त का आहे हेही बघायला हवं. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून, घरात कोण काय बघतं याची माहिती न विचारता गोळा केली, म्हणून २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. धडा तिला मिळालाच. चार वर्षांनी, २०२१ च्या एका तिमाहीत, जाहिराती, सेवा आणि माहितीतून तिला टीव्ही विकून झालेल्या फायद्याच्या दुपटीहून जास्त फायदा झाला. या धंद्यात टीव्हीची किंमत ग्राहक दोनदा देतो, एकदा दुकानात आणि नंतर रोज सोफ्यावर बसून. मॉनिटर बिचारा निर्बुद्ध. आलेलं चित्र दाखवतो आणि कोणाला काही सांगत नाही. दूरदर्शनची फ्री डिश त्याला जोडली तर महिन्याचं भाडं नाही आणि उलट दिशेने वरती जाणारा निरोपही नाही.

यावर कोणी म्हणेल, की त्यांची ती स्टिक काय कमी चहाडखोर आहे? नाही, मुळीच कमी नाही. पण ती उपटता येते. टीव्हीच्या पोटात शिवलेली चहाडी उपटता येत नाही; 'मान्य आहे' दाबल्याशिवाय तो बहुतेक वेळा नीट चालूच होत नाही, आणि आपण सगळे ती अटींची यादी न वाचता ते दाबून मोकळे होतो. मॉनिटरकरांना यातलं काहीही माहीत नसतं. प्रायव्हसी म्हटलं तर त्यांना खिडकीचा पडदा आठवेल. शिवाय आता मॉनिटरही स्मार्ट निघू लागले आहेत, तेव्हा हा वाणही फार दिवस टिकेल असं नाही. एखाद्या दिवाळीत मुलगा हप्त्यावर ५५ इंची टीव्ही आणेल, आजींना सगळी पात्रं पहिल्यांदाच सरळ रंगांत दिसतील, आणि मॉनिटरकर त्याच्या मागे जाऊन बराच वेळ भोकं मोजतील. पद्धत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर परीक्षेत थोडेफार मार्क मिळतात. यांची पद्धत साफ चूक आणि उत्तर बरोबर आहे. असा पेपर तपासायची सोय अजून कोणत्याही बोर्डाने केलेली नाही.