मढ्यांचा मुकादम कसा घडवावा

स्कायरिममध्ये प्रेते उठवणारा योद्धा घडवू पाहणाऱ्या होतकरू खेळाडूने सर्वप्रथम अंगातला काळा झगा उतरवून ठेवावा. बेथेस्डाने २०११ साली हा खेळ आणला तेव्हापासून नेक्रोमॅन्सर म्हटले की डोळ्यांसमोर एकच नमुना येतो: हाडकुळा, टोपडे कपाळावर ओढलेला, हाणामारी दुसऱ्यांवर सोपवून मागे बोटे नाचवणारा. खेळातल्या गुहांमध्ये असे नमुने ढिगाने राहतात आणि ढिगानेच मरतात. वुल्फस्कलच्या गुहेत तर त्यांचे अख्खे मंडळ पोटेमा नावाच्या, कित्येक शतकांपूर्वी मेलेल्या राणीला हाक मारायला जमलेले असते. एखादा बरा तलवारवाला आत शिरला की थोड्याच वेळात सभासद आणि राणी यांच्या तब्येतीत फारसा फरक उरत नाही. तेव्हा आमचे प्रतिपादन असे की प्रेतविद्या हा मुळात तलवारीचा धंदा आहे आणि ज्याला जड चिलखत पेलत नाही त्याने त्यात पडू नये.

कारण सरळ आहे. या धंद्याला कच्चा माल लागतो आणि तो कोणीतरी तयार करावा लागतो. 'रेझ झॉम्बी' हा पहिला मंत्र सहाव्या लेव्हलपर्यंतचेच मढे उठवतो, तेही ६० सेकंदांपुरते. मुदत भरली की मढ्याची राख होते. त्या राखेतून पैसाअडका, जोडे, कट्यार वगैरे काढून घेता येते, पण माणूस पुन्हा कामावर येत नाही. पुढचे मंत्र १३, २१ आणि ३० लेव्हलपर्यंतची मढी उठवतात. 'नेक्रोमॅन्सी' पर्क घेतला तर मुदतही वाढते. पण राख काही टळत नाही. इतक्या तोकड्या कंत्राटावर माणसे लावणाऱ्या मुकादमाला भरती सतत चालू ठेवावी लागते. झगेवाल्याची गाडी इथेच अडते. पहिले मढे आणायचे कुठून, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. चिलखतवाल्यापाशी असते, आणि ते त्याने उजव्या हातात धरलेले असते.

आता साहित्य. 'ऑब्लिव्हियन' या २००६ साली आलेल्या आधीच्या भागात चिलखत चढवले की मंत्रांचा जोर घटत असे, म्हणून झग्याला निदान सबब होती. स्कायरिमने ती अट काढून टाकली. पोलादात आवळलेला माणूस इथे झगेवाल्याइतकाच स्वच्छ मंत्र म्हणतो, आणि चिलखत पुरेसे पक्के केले तर शस्त्राचा मार ८० टक्क्यांपर्यंत कमी होतो. ओझ्याची तक्रार असेल तर हेवी आर्मर ७० वर 'कंडिशनिंग' घ्यावे. मग चिलखताला वजनच राहत नाही. यावर झगापंथीय म्हणतील की झग्याने मॅजिका, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, लवकर भरते. भरते ना. त्यासाठी झगा एन्चांटिंगच्या मेजावर मोडावा, त्यातला गुण शिकून घ्यावा आणि छातीच्या चिलखतावर चढवावा. झग्याचा एवढाच उपयोग आम्हाला मान्य आहे. डाव्या हातात मंत्र आणि उजव्या हातात तलवार धरली की वार अडवता येत नाही हे मात्र खरे. पण अडवण्याचे काम मढ्यांना लावायचे असल्यामुळे ते शिकण्यात वेळ घालवू नये.

जातीची निवड करताना ब्रेटनची शिफारस सगळेच करतात, कारण त्याचे कॉन्ज्युरेशन, म्हणजे मढी उठवणाऱ्या मंत्रांचे कौशल्य, २५ पासून सुरू होते आणि शत्रूच्या जादूचा चौथा हिस्सा त्याला लागतच नाही. आमचे मत ऑर्कला. त्याचा 'बर्सर्कर रेज' ६० सेकंद टिकतो, म्हणजे नेमका पहिल्या मढ्याच्या आयुष्याइतका. मालक आणि नोकर एकाच मिनिटात पिसाळतात आणि एकाच मिनिटात थंड होतात, असा सलोखा इतर धंद्यांत क्वचितच पाहायला मिळतो. लेव्हलमागे मिळणारे दहा गुण दोनदा हेल्थला, एकदा मॅजिकाला द्यावेत. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हा आक्षेप इथे हमखास येतो: तलवारही शिकायची आणि मंत्रही, मग दोन्ही अर्धवट राहणार. पण स्कायरिममध्ये पेशा आधी निवडावाच लागत नाही. जे वापराल ते वाढते. शिवाय 'बाउंड स्वोर्ड' ही मंत्राने हातात येणारी बिनवजनाची तलवार बोलावताना कॉन्ज्युरेशन वाढते आणि चालवताना वन-हँडेड. एकाच हजेरीवर दोन पगार. तरीही घाई असलेले खेळाडू पडलेल्या मढ्यावर 'सोल ट्रॅप' हा आत्मा कोंडणारा मंत्र पुन्हा पुन्हा मारून कॉन्ज्युरेशन फुगवतात. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याचा याहून शब्दशः प्रकार आमच्या पाहण्यात नाही, आणि तो चालतो हे नाइलाजाने नमूद करतो.

अधिक वजनदार आक्षेप अ‍ॅट्रोनॅकवाल्यांचा. मंत्राने येणारा आगीचा किंवा बर्फाचा जीव, म्हणजे अ‍ॅट्रोनॅक बोलावायला मढे लागत नाही, मग ही यातायात कशाला? कारण अ‍ॅट्रोनॅक आपले तेवढेच काम घेऊन येतो. मढे आपली हत्यारे, आपले मंत्र आणि आपली मारण्याची सवय घेऊन उठते. ज्या माणसाने तुम्हाला तीनदा लोळवले तोच चौथ्या वेळी पडल्यावर उत्तम कामगार ठरतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, हे इथे कौतुक नसून हिशेब आहे. कॉन्ज्युरेशन ९० झाले की विंटरहोल्डच्या कॉलेजात फिनिस गेस्टर परीक्षा घेतो, आणि ती पार पडल्यावर 'डेड थ्रॉल' मिळवता येतो. त्याने उठवलेला माणूस कायम नोकरीत राहतो. पुन्हा पडला तर राख होत नाही, पुन्हा उठवता येतो. अट एवढीच की तो चाळिसाव्या लेव्हलच्या आतला असावा. विक्रमराजाही योद्धाच होता आणि त्याच्याही खांद्यावर प्रेत होते, पण त्याने प्रेताला वाहिले आणि वर कोडी सोडवली. व्यवस्थापन म्हणून ते उलटेच झाले.

नीतीचा प्रश्न उरतो. अंत्यसंस्कारांचा देव आर्के याला हा धंदा पसंत नाही, आणि स्टेंडारचे व्हिजिलंट असल्या विद्येच्या मागावरच असतात. त्यांना एवढेच सांगावे की कोणाचाही मृत्यू या कामासाठी मुद्दाम घडवलेला नाही. तो लढाईत घडला आणि आम्ही फक्त वाया जाऊ दिला नाही. हे पटले नाही तर व्हिजिलंटही पडल्यावर बऱ्या प्रतीचा निघतो. व्हाइटरनच्या पूर्वेला 'रिच्युअल स्टोन' आहे. त्याचा आशीर्वाद घेतला की दिवसातून एकदा भोवतीची सगळी मढी २०० सेकंद एकदम उठतात, आणि तेव्हा आक्षेप घेणारे कोण नि बाजूने लढणारे कोण हा भेद आपोआप मिटतो.

कॉन्ज्युरेशन १०० वर 'ट्विन सोल्स' घेतला की दोन थ्रॉल ठेवता येतात. इथे झगापंथीयांचा शेवटचा मुद्दा येतो: दोन कायमचे नोकर असताना मालकाने पुढे जायचे कशाला? त्यांनी नॉर्ड लोकांच्या थडग्यांतल्या बोळांची रुंदी डोळ्यांखालून घालावी. दोन मढी पुढे सोडली की ती दारात खांद्याला खांदा लावून अडकतात, ड्रॉगर, म्हणजे तिथला चालता मुडदा, पलीकडून कुऱ्हाड चालवतो, आणि मागे उभ्या मुकादमाला ना वार करता येतो ना बाहेर पडता येते. बोळात पहिला माणूस चिलखतवालाच हवा, आणि मढ्यांनी त्याच्या मागून यावे.