पाव किलोचे काका

ग्लायडरवाले काका बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत, आभाळाकडे बघतात. लग्नात वरात दारात येते, सगळे नवरदेवाकडे वळतात, काकांची मान वरच. "ती घार बघा. पंख हलवत नाहीये. थर्मल आहे तिथे!" थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा. ती फुकट मिळत असताना आपण आहेराच्या रांगेत उभे असतो, हे काकांचं शल्य.

त्यांच्या विमानाला इंजिन नाही. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मीटर, वजन पाव किलोच्या आसपास. पंखाच्या टोकाला बारीकशी खुंटी. ती दोन बोटांत पकडायची, थाळीफेकीसारखी स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि सोडून द्यायचं. कसलेला गडी 50-60 मीटर उंच पोचवतो. काकांचं सहाव्या मजल्याशी थकतं. गिरकी मात्र ते पूर्ण घेतात. थांबतात तेव्हा ट्रान्समीटर एकीकडे, चष्मा दुसरीकडे. तेवढ्यात कट्ट्यावरून कुणीतरी विचारतं, "ड्रोन का हो? कॅमेरा कुठाय?" काका उत्तर देत नाहीत. बैठकीच्या गवयाचं ऑर्केस्ट्रावाल्यांबद्दल जे मत, तेच काकांचं ड्रोनवाल्यांबद्दल.

पण उडवणं हे निमित्त. खरा छंद निवडण्याचा. वारा पडलेला असला की हलकं मॉडेल हवं. सुटला की जड हवं, नाहीतर ते वाऱ्याबरोबर वाहत पलीकडच्या सोसायटीत जातं आणि वॉचमनशी ओळख वाढते. स्पर्धेच्या नियमात पंख 1500 मिलिमीटरपर्यंत आणि वजन 600 ग्रॅमपर्यंत चालतं. त्या मर्यादेत काकांचा अर्धा प्रॉव्हिडंट फंड बसला. गाडीत कितीही मॉडेलं भरा, आजच्या हवेला चाललं असतं ते नेमकं घरी कपाटावर.

ग्रॅमच्या बाबतीत काका निर्दय आहेत. ग्लायडरचं नाक आखूड, शेपूट लांब. त्यामुळे शेपटीत एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात कितीतरी पट शिसं घालावं लागतं. हे ते टपरीवर चमचा बोटावर तोलून दाखवतात, चहा निवतो. शेपटीवरचं स्टिकरसुद्धा त्यांनी नखाने खरवडून काढलं. काकूंचा केकसाठी आणलेला वजनकाटा कायमचा आतल्या खोलीत गेला आहे, सर्व्हो म्हणजे पंख-शेपटीची पाती हलवणाऱ्या चिमुकल्या मोटरी मोजायला.

"अहो, माझा काटा?"

"सर्व्हो मोजतोय."

"आणि मैदा?"

"अंदाजाने घे की!"

अशा माणसाला फसवणं अवघड. तरी एकदा निम्म्या किमतीत सेकंडहँड मॉडेल मिळालं: कार्बनचा पंख, चारही सर्व्हो शाबूत, एक ओरखडा नाही. काकांनी वजन विचारलं, तोलबिंदू विचारला, बॅटरी विचारली. खोकं उघडलं तर खुंटी उजव्या पंखाला! उजव्या हाताने फेकणाऱ्याला ती डाव्या पंखाला लागते. विकणारा डावखुरा होता आणि काही खोटं बोलला नव्हता. हे सोडून बाकी सगळं काकांनी विचारलं होतं.

आता मैदानावर नवा पोरगा आला की काका त्याचं नाव-गाव विचारत नाहीत. खिशातून पेन काढतात, वही पुढे करतात आणि म्हणतात, "जरा सही कर बघू."