कृपया वैध नाव टाका

नात्यागोत्यात माझी ओळख 'तो कॉम्प्युटरमधला' एवढीच आहे. त्यात नेमकं काय करतोस, असं कोणी खोदून विचारलंच तर मी खरं ते सांगतो, फॉर्म बनवतो. वेबसाइटवर नाव, पत्ता, जन्मतारीख भरायची, 'पुढे' दाबायचं, मग दुसरं पान, मग तिसरं. "म्हणजे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसतात, तसं?" असं मावशीच्या सासऱ्यांनी भर पंगतीत विचारलं. मी जिलबीकडे बघत हो म्हटलं. खरं तर तो टेबलवाला परोपकारी, तो फॉर्म भरून देतो. मी भरणाऱ्याच्या चुका काढतो.

या चुका काढण्याला आमच्या धंद्यात व्हॅलिडेशन म्हणतात. मूळ हेतू चांगला होता. १९९५ साली ब्रेंडन आइकने नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. तो मोडेमचा काळ. फॉर्म सर्व्हरकडे पाठवायचा, चहाचं आधण ठेवायचं, आणि चहा गाळेपर्यंत निरोप यायचा की आडनाव राहिलंय. ते ब्राउझरनेच जागच्या जागी सांगून टाकावं, हा या भाषेचा सुरुवातीचा एक मोठा उपयोग. पुढे एचटीएमएल ५ आलं आणि रकान्यापुढे 'रिक्वायर्ड' एवढा एक शब्द लिहिला की भागू लागलं. शब्द फुकट मिळाल्यावर तो जपून कोण वापरतो? सगळ्याच रकान्यांच्या डोक्यावर लाल चांदणी आली.

रकाने वाढतात कसे, हे मी मीटिंगमध्ये बसून पाहिलं आहे. "हा प्रश्न कशाला?" "असू दे, मार्केटिंगला लागेल." असं करत करत फॉर्म दाराबाहेर जातो. मग कोणाला तरी कणव येते, लोक घाबरतील, तुकडे करा. अशा रीतीने मल्टि-स्टेप फॉर्म जन्माला येतो. प्रश्न एकही कमी होत नाही, वर फक्त 'पायरी १ / ५' अशी पट्टी लागते. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटांसाठीची नियमावली सांगते की एका पानावर एकच गोष्ट विचारा. त्याच नियमावलीत असंही आहे की मुळात प्रत्येक प्रश्न का विचारताय ते आधी ठरवा. आपल्याकडच्या मीटिंगांत पहिलं वाक्य फार लोकप्रिय आहे.

परवा वरच्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. विम्याचा फॉर्म होता. "तुझ्याच लोकांचा प्रताप ना हा? मग निस्तर."

पहिली पायरी नावाची. काका मोबाइलवर मराठीतच टाइप करतात. नाव लिहिलं आणि खाली लाल अक्षरं उमटली : 'कृपया वैध नाव टाका.' काका खवळले. "बारसं करून ठेवलेलं नाव आहे. ह्याला काय प्रतिज्ञापत्र जोडू?"

दोष काकांच्या बारशाचा नव्हे. बऱ्याच फॉर्मांत नियमच असतो की नावात इंग्रजी ए ते झेड एवढंच चालेल. त्याहून जरा सुशिक्षित प्रोग्रामर 'जगातल्या कोणत्याही लिपीतलं अक्षर चालेल' असा युनिकोडचा उदार नियम लिहितो आणि कृतकृत्य होऊन जेवायला जातो. पण युनिकोडच्या दप्तरी काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणारी खूण ही अक्षरं नाहीतच, त्यांची नोंद 'चिन्हं' म्हणून वेगळी आहे. त्या उदार नियमातून 'मीनाक्षी'मधले म, न, क, ष एवढेच पार होतात, बाकीची मीनाक्षी बाहेर. चिन्हांना निराळी परवानगी द्यावी लागते. लांबीचा हिशोबही तसाच. 'ज्ञानेश्वर' आपल्या लेखी चार अक्षरांचा, युनिकोडच्या लेखी दहा तुकड्यांचा. 'नाव वीस अक्षरांत लिहा' म्हटलं की दोन ज्ञानेश्वर आत बसतात आणि आडनाव दारात उभं राहतं. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. 'फर्स्ट, मिडल, लास्ट' या तीन खणांत चौघांना कसं बसवायचं, याचा विचार करणारे प्रोग्रामर सध्या स्वतःच शाळेत असावेत अशी मला आशा आहे.

दुसरी पायरी पत्त्याची. 'मु. पो.' मधल्या टिंबांना हरकत, 'फ्लॅट १२/ब' मधल्या तिरप्या रेघेला हरकत. मग पिन कोड. हा खरं तर सभ्य क्रमांक. पोस्ट खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो आला, १५ ऑगस्ट १९७२ला लागू झाला. सहा अंक, पहिला शून्य नाही, संपलं. काकांनी लिहिलं ४११ ०३०, जुन्या लेटरहेडवर छापत तसं मधे जागा सोडून. 'फक्त सहा अंक टाका.' काकांनी बोटं घालून मोजले. "सहाच तर आहेत!" मधली जागा सातवी धरली गेली होती. ती काढून टाकायला प्रोग्रामरला एक ओळ पुरते. पण एकाने ओळ लिहिण्यापेक्षा सगळ्या देशाने जागा पुसत बसावं, असा या क्षेत्रातला श्रमविभाग आहे.

जागा पुसली, तरी लाल अक्षरं हटेनात. आता 'कृपया अंक टाका.' कारण जावास्क्रिप्टच्या तपासणीत 'अंक' म्हणजे इंग्रजी आकडेच; मराठी ४ त्याला नक्षी वाटते. गंमत पुढेच आहे. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याचा उपयोग ओळखीच्या माणसाला 'चुकीच्या विंगमध्ये चाललात' असं सांगण्यापुरता. ज्याला घुसायचंच आहे तो ब्राउझरला वळसा घालून थेट सर्व्हरशी बोलतो, म्हणून घराचं कुलूप वेगळं लागतंच आणि सगळं पुन्हा तिथे तपासावं लागतं. आता तो सर्व्हर पायथनमध्ये लिहिलेला असेल तर पायथनला ४११०३० बिनतक्रार कळतो, तो त्याची संख्याही करून देतो. म्हणजे आत यजमान पाट मांडून बसलेत आणि वॉचमन पाहुण्यांना फाटकावरून परत पाठवतोय.

तिसऱ्या पायरीवर घरात वादळ झालं. काकांनी 'विवाहित' निवडलं, पत्नीच्या नावाचा रकाना उघडला, तो भरला. मग मागे जाऊन जन्मतारीख दुरुस्त करताना अंगठा लागून 'अविवाहित' निवडलं गेलं. पत्नीचा रकाना शहाण्यासारखा अदृश्य झाला, पण त्यातलं नाव पोटात तसंच राहिलं. पाचव्या पायरीवर सारांश आला : वैवाहिक स्थिती, अविवाहित. खालच्या ओळीत पत्नीचं नाव. काकू मागे उभ्या राहून चष्म्यातून वाचत होत्या. "अविवाहित? मग ही कोण?"

लाल चांदण्या कोणीही लावतो. या कामातली खरी अवघड जागा ही आहे. माणूस सरळ पुढे जात नाही. मागे येतो, उत्तर बदलतो, ब्राउझरचं बाणाचं बटण दाबतो. एक उत्तर बदललं की त्याच्यावर अवलंबून असलेली उत्तरं रद्द व्हायला हवीत, आणि बाकीची मात्र जशीच्या तशी शिल्लक राहायला हवीत. प्रत्येक पायरी सुटी बरोबर असून सगळा फॉर्म मिळून खोटा असू शकतो. म्हणून शेवटी सगळा नव्याने तपासायचा असतो.

चौथी पायरी मी मुद्दाम मागे ठेवली. जुन्या पॉलिसीचा क्रमांक हवा होता. काका माळ्यावरची ट्रंक काढायला गेले. ट्रंकेत पॉलिसी होती, तिच्याआधी मुंजीचे फोटो होते. परत आलो तर 'आपले सत्र संपले आहे', आणि पायरी पुन्हा एक. वेबच्या सुगमतेचे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे. वेळ संपण्यापूर्वी सांगा आणि ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्या, असं त्यांत लिहिलंय. २०२३ साली आलेल्या २.२ आवृत्तीत तर एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा लिहायला लावू नका, असाही नियम आला. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती छापण्याजोगी नाही.

तपासणी वाईटच असते असं नाही. आधारचा बारावा अंक याकोबस फेरहूफ या डच गणितज्ञाच्या १९६९च्या पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोघांनी जागा बदलल्या तर क्रमांक लगेच खोटा ठरतो. चूक सापडते आणि माणसाच्या बारशाबद्दल कोणी शंका घेत नाही. काकांचा आधार एका दमात पास झाला, दिवसभरात तेवढंच.

शेवटी 'सबमिट' आलं. काकांनी दाबलं, चाक फिरू लागलं, काकांचं बोट पुन्हा निघालं. काकूंनी मनगट धरलं म्हणून हप्ता एकदाच कापला गेला.

चांगला फॉर्म पहिल्या दाबालाच बटण बंद करतो आणि तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर ओळखून सोडून देतो. पण तुमच्या पुढ्यातला फॉर्म चांगला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तेव्हा वाचकहो, कागद आधी काढून ठेवा, शेवटच्या पानाचा फोटो घ्या, आणि चाक कितीही फिरो, 'सबमिट' एकदाच दाबा.