टेन्सवाले सर

वऱ्हाडात तालुक्याच्या गावी बहुधा एक टेन्सवाले सर असतात. दुसऱ्याने बोललेलं इंग्रजी वाक्य दुरुस्त करून वापस देणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना कोणी सोपवलेलं नसतं. सर बहुतेक वेळा निवृत्त शिक्षक असतात, क्वचित बँकेतले किंवा पोस्टातले. खिशाला लाल पेन आणि बगलेत कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं रेन आणि मार्टिनचं व्याकरण, यावरून ते दुरूनही ओळखू येतात. हे पुस्तक 1930च्या दशकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलं गेलं. ज्यांची इंग्रजी ही मातृभाषाच होती त्यांच्यासाठीचं पुस्तक वऱ्हाडात कसं रुजलं, याचं सरांना नवल वाटत नाही. साहेबाच्या पोरांनाही टेन्स येत नव्हते, याचा तो त्यांच्या मते पुरावाच आहे.

भातकुलीत या सरांची एक मोठी अडचण असते. अमरावती एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर असली, तरी गावात इंग्रजी कोणी बोलतच नाही. कापूस विकताना ते लागत नाही, तहसील कार्यालयात लागत नाही, पानठेल्यावर तर नाहीच नाही. आदिनाथाच्या जैन मंदिरात दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांत एखादं कर्नाटकी कुटुंब दिसलं की सर लगबगीने पुढे होतात. ती मंडळी हसून हिंदीत उत्तर देतात. त्यामुळे दुरुस्तीला लागणारी चूक सरांना स्वतःच पैदा करून घ्यावी लागते. सायकलचा पंप मागायला आलेल्या पोट्ट्याला पंप दाखवत ते म्हणतात, "इंग्लिशमंदी सांग नं बावा, काय पायजे तुले?" पोट्टा म्हणतो, "आय ॲम वाँटिंग पंप, सर." पंप मिळतो, पण तोवर चाकातली उरलीसुरली हवाही गेलेली असते.

हे 'वाँटिंग' सरांचं जन्माचं गिऱ्हाईक. त्याचं मूळ वऱ्हाडी बोलीत आहे, आणि सरांना ते पक्कं ठाऊक आहे. वऱ्हाडी माणसाचं सगळं 'चालू'च असतं. त्याला समजून रायलं, दिसून रायलं, वाटून रायलं. मग इंग्रजीत आल्यावर तो 'आय ॲम अंडरस्टँडिंग' आणि 'आर यू सीइंग' म्हणणार नाही तर काय! एकट्या वऱ्हाडाला दोष देण्याचं कारण नाही. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी मिस पुष्पाच्या निरोपसमारंभावर कविता लिहिली, तिची सगळी गंमत याच चालू वर्तमानकाळावर उभी आहे. सरांकडे मात्र यावर गावठी आणि अचूक उपाय आहे. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरीचं पाणी काल खारं होतं, आज खारं आहे, उद्याही खारंच राहणार. म्हणून 'द वॉटर इज सॉल्टी'. जे कायमचं आहे, आवडनिवड आहे, माहीत असणं आहे, त्याला 'आयएनजी' लावायचं नाही. पाऊस आत्ता पडून रायला, उद्याचा भरवसा नाही, म्हणून 'इट इज रेनिंग'. व्याकरणाच्या पुस्तकात दोन पानं खाणारा नियम इथे शेतकऱ्याच्या पोराला एका घोटात कळतो.

पण सगळेच नियम असे गळी उतरत नाहीत. एक विद्यार्थी लिहितो, 'माय फादर आर फार्मर'. मराठीत वडील 'आहे' नसतात, 'आहेत' असतात. आदर द्यायचा म्हणजे अनेकवचन हवं. सर 'आर' खोडून 'इज ए' करतात. पोरगा खोडलेल्या जागेकडे बघत राहतो. बापाचा एकेरी उल्लेख झालाय आणि तोही लाल पेनाने, हे त्याला खपत नाही. 'कझिन ब्रदर'चं तसंच. त्यातलं 'ब्रदर' फालतू आहे म्हणून सर ते काढून टाकतात, तेव्हा ओसरीवरची आजी विचारते, "कझिन म्हंजे कोन्ता? चुलत का मावस?" या प्रश्नाचं उत्तर रेन आणि मार्टिन या दोघांकडेही नाही. आजीच्या बाजूने निकाल देणं भाग आहे. चुलत, मावस, आते, मामे सगळ्यांना एकाच टोपलीत घालणारी भाषा नात्यांच्या बाबतीत गरीबच म्हणायची.

सरांकडे येणारा विद्यार्थी बोलण्यासाठी येत नाही, हा आणखी एक घोळ. तो भरतीसाठी येतो. तलाठी भरतीच्या 200 गुणांच्या परीक्षेत 50 गुण इंग्रजीचे असतात आणि ते चार पर्यायांतून एक निवडून मिळतात. त्यामुळे ज्याला क्वेश्चन टॅग तोंडपाठ, त्याला फोनवर 'होल्ड ऑन' ऐकू आलं की तो फोन ठेवून देतो. राज्यात मराठी शाळांतून 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. यावर सरांचं मत असं की तेव्हापासून चुका वाढल्या, कारण पूर्वी लोक इंग्रजीत गप्प बसत.

सरांची खरी खोड म्हणजे वाक्य संपेपर्यंत त्यांना दम निघत नाही. 'मायसेल्फ' ऐकताच ते हात वर करतात आणि पुढचं नाव तोंडातच राहतं. असे तीन-चार हात वर झाले की पोरगी मान खाली घालून मराठीत शिरते, आणि मग दुरुस्त करायला काही उरत नाही. बोलताना अडवलं तर बोलणंच बंद पडतं. चुका मनात ठेवून, बोलणं आटोपल्यावर त्यांतल्या एक-दोनच सांगायच्या असतात. हे सरांना ठाऊक असतं, पण जमत नाही.

जमतं ते फक्त पुण्याच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा वेळ थोडा असतो, म्हणून सर मुद्द्याचं तेवढंच सांगतात. 'माय गुड नेम इज' नको, सरळ नाव सांग. 'बिलाँगिंग टू' नको, 'आय ॲम फ्रॉम भातकुली, निअर अमरावती'. प्रश्न कळला नाही तर 'व्हॉट?' म्हणून खेकसू नको, 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हण. पाणी हवं तर नुसतं 'गिव्ह मी वॉटर' नाही. मराठीत 'द्या' म्हटलं की आदर त्यातच येतो. इंग्रजीत तो वेगळा घालावा लागतो, 'कुड आय हॅव सम वॉटर?' एवढ्या शिदोरीवर पोरं नोकरीला लागलेली आहेत, आणि 'दे आर सिलेक्टिंग मी, सर' असा फोन त्यांनी केला तेव्हा सरांनी आधी अभिनंदन केलं की आधी 'दे हॅव सिलेक्टेड' केलं, हे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा मुलाखत असेल तर सरांकडे खुशाल जावं. मात्र वाक्य पुरं होईस्तोवर हात वर करणार नाही, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्यावं. फी ते घेत नाहीत. मराठीत विचारली तर रागावतात. इंग्रजीत विचारली तर आधी वाक्य दुरुस्त करतात, मग रागावतात.