सावेडी बंदर

मुंबईच्या बंदरात शिडाच्या नौकांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि मेअखेर आटोपतो. मधले चार महिने समुद्र आपल्या मर्जीने वागतो, म्हणून नौका पाण्याबाहेर काढून कुठेतरी ठेवावी लागते आणि पुढच्या हंगामासाठी तिची डागडुजी करावी लागते. हे ‘कुठेतरी’ म्हणजे नगरची सावेडी असावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. सावेडी समुद्रापासून रस्त्याने अडीचशे किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, हे लेखकाला ठाऊक आहे. तिथे पाण्याशी नाते सांगणारी ठळक गोष्ट म्हणजे पाइपलाइन रोड, आणि त्या पाइपातले पाणीही मुळा धरणातून येते, तेही वेळापत्रक पाळून. भिस्तबागेत निजामशाहीने तळ्याच्या मधोमध वाडा बांधला होता. आज तिथे जायला होडी लागत नाही, चपला पुरतात. एवढा पुरावा विरुद्ध बाजूला असताना हा पक्ष मांडायचा, तर जुन्या नौकेला नेमके काय झालेले असते तिथून सुरुवात करायला हवी.

आजच्या बहुतेक जुन्या नौका फायबरच्या आहेत, आणि फायबरला काही होत नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. होते. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या तळाचा वरचा चकचकीत थर थोडे थोडे पाणी पितो, ते आत मुरते आणि काही वर्षांनी तळावर फोड येतात. फोड फोडून, खरवडून, धुऊन तळ उघडा ठेवायचा, तो पार कोरडा होऊ द्यायचा आणि मगच त्यावर इपॉक्सीचे थर चढवायचे, असा हा उपचार आहे. उपचारातले अवघड काम फोडायचे नाही, वाळवायचे आहे. कोकणात जून ते ऑगस्ट या काळात टॉवेल वाळत नाही, तिथे तीस वर्षे पाणी प्यालेली नौका कशी वाळावी? रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नगरला सह्याद्रीच्या पलीकडच्या पर्जन्यछायेमुळे साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवरचा पाऊस आठवण झाल्यासारखा टाकून जातो. म्हणजे नौका सुकवायला लागणारे नेमके महिने सावेडीत ढगाळ, वाऱ्याचे आणि तुरळक पावसाचे असतात. या हवामानाबद्दल नगरचा शेतकरी कित्येक पिढ्या तक्रार करत आला आहे, पण ही तक्रारच शिफारसपत्र म्हणून वापरता येईल हे कोणाच्या ध्यानात आलेले नाही.

पावसाळ्यात समुद्र सोडून घाटावर यावे, ही कल्पनाही काही नवी नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. पाऊस त्याने तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो पुढे परत मिळाला. घाटावर वाहन घेऊन येणाऱ्याला कागदपत्रांची अडचण येते, याची ही जुनी नोंद समजायला हरकत नाही. पुढे जुन्नरहून राजधानी हलवून ज्यांनी अहमदनगर वसवले, त्या निजामशाहीच्या ताब्यात चौल आणि दंडा-राजपुरी होती. नगरचा समुद्राशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला हे एवढे उत्तर पुरे. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराचे जे नियम घालून दिले, त्यात पाऊस लागण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस तारवे बंदरात आणून किल्ल्याच्या आश्रयाला ठेवावीत आणि दरसाल एकाच बंदरात ठेवू नयेत असे सांगितले आहे. नगरला भुईकोट किल्ला आहे. बंदर नाही, हा तपशील सोडला तर अट पुरी होते.

आता प्रत्यक्ष प्रवास. पंचवीस फुटी नौका ट्रेलरवर चढवून कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढायचा, तो मेमध्येच. पाऊस लागल्यावर माळशेजमध्ये धबधबे पाहायला इतकी माणसे येतात की नौका पाहून ती धबधबा सोडतील आणि घाट दिवसभर बंद राहील. डोलकाठी अर्थातच आधी उतरवून नौकेवर आडवी बांधायची. उभ्या डोलकाठीने कल्याणातली पहिली वीजवाहिनीच गाठली जाईल. घाट चढल्यावर ओतूर, आळेफाटा, बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी अशी गावे लागतात. पैकी आळेफाट्याला चहा घेतल्याशिवाय कोणतेही वाहन पुढे जात नाही, नौकाही जाणार नाही. येथे आक्षेप असा की एवढे रुंद धूड या रस्त्यावरून जाईल कसे. हा आक्षेप घेणाऱ्याने जानेवारीत एका ट्रॅक्टरमागे लावलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या पाहिलेल्या नसाव्यात. नौका निदान आपल्या कडांच्या बाहेर सांडत नाही. नगरच्या वेशीवर कल्याण रस्त्यावरचा सीना नदीचा पूल आहे. मोठा पाऊस झाला की त्यावरून पाणी जाते आणि वाहतूक थांबते. सबंध मार्गात नौकेला स्वतःच्या गुणांवर पुढे जाता येईल अशी ही एकच जागा, आणि मेमध्ये नेमकी तीच कोरडी. तिथून शहरात शिरून मनमाड रस्त्याला लागले की पत्रकार चौक, प्रेमदान चौक, आणि आली सावेडी.

माझ्या मते सावेडीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र हवामानाचा नाही, माणसांचा आहे. एखादी जुनी, गंजकी, कुरकुरणारी यंत्रणा चार महिने खोलून ठेवायची, तिचा प्रत्येक सांधा तपासायचा आणि ठरल्या दिवशी ती चालू करून दाखवायची, ही विद्या महाराष्ट्रात कुठे आहे? बंदरांत आहेच, पण तिचे खरे पीठ नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून या जिल्ह्यात दर पावसाळ्यात ऑफ सीझनची कामे निघतात. मिलचे रोल उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप उघडले जातात, व्हॉल्व्हची पाती घासली जातात. मग दसऱ्याच्या आसपास बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि पुढे गव्हाणीत मोळी. नौकेची कामे याहून वेगळी काय आहेत? तळाला भोक पाडून बसवलेले पाण्याचे व्हॉल्व्ह काढून पाहायचे. पितळेतले जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले असेल तर धातू गुलाबीसर दिसतो आणि हातोडीच्या टोल्याने तुटतो. बाहेर लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा झिजला असेल तर बदलायचा, कारण झिजणे हीच त्याची नोकरी आहे. इंजिनाला थंड पाणी पुरवणाऱ्या पंपातले रबरी चाक दरवर्षी नवे घालायचे. कारखान्यातला पंप फिटर हे सगळे समुद्र न पाहता करू शकतो, आणि मला वाटते समुद्र पाहिलेल्या पुष्कळांपेक्षा बरे करील.

इथे दोन अडचणी निघतात. पहिली अशी की कारखान्याचा आणि नौकेचा ऑफ सीझन एकच असेल तर फिटर मोकळा असणार कधी? पण कारखान्यात हंगामी कामगार असतात, त्यांना हंगाम नसताना थोडा भत्ता मिळतो आणि भरपूर वेळ. दुसरी अडचण मात्र गंभीर आहे आणि ती हसण्यावारी नेणे बरोबर नाही. डोलकाठी ज्या तारांवर उभी असते त्या तारांच्या बाबतीत घरगुती अक्कल चालत नाही. कापसाचा बोळा तारेवरून फिरवावा, तो जिथे अडकेल तिथे एक धागा तुटलेला आहे, आणि एक तुटला म्हणजे सगळी तार गेली. त्या जागी ‘आपल्याकडे क्रेनची आहे ना’ म्हणून दुसरी तार बसवणारा माणूस कितीही कुशल असला तरी त्याला त्या दिवशी चहा पाजून घरी पाठवावे. या तारा, त्यांचे दाबून बसवलेले टोक आणि ताणायचे स्क्रू मुंबईहूनच आणावेत. सावेडीच्या वकिलाने एवढे कबूल केले म्हणून खटला हरत नाही. कारखानाही बॉयलर स्वतः तपासून स्वतःच पास करत नाही, त्यासाठी सरकारी निरीक्षक येतो.

लाकडी नावेचा प्रश्न वेगळा. लाकडाला कोरडेपणा मानवत नाही. पाण्यात फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात, सावेडीच्या मेमध्ये त्या आक्रसतील आणि फटींतून पलीकडचा बंगला दिसेल. कोकणात नौका शाकारण्याची जी रीत आहे, म्हणजे ओढून वर घ्यायची, वरून झापांनी झाकायची, फटींत काथ्या-कापूस ठोकायचा, लाकडाला तेल पाजायचे, ती त्या हवेसाठीच बनलेली आहे आणि तिच्यात ढवळाढवळ करण्याचा घाटावरच्या कोणालाही अधिकार नाही. लाकडी नावेने किनाऱ्यावरच राहावे. सावेडीचे दार फायबरसाठी उघडे आहे.

जुनी नौका सांभाळायचा एवढा खटाटोप कशाला, नवी घ्यावी, असेही कोणी म्हणेल. याला उत्तर नौदलाने दिले आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरून आले. २०१७ मध्ये ‘तारिणी’तून सहा महिला अधिकारी निघाल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेने त्रास दिला म्हणून त्यांना मॉरिशसला थांबावे लागले, आणि तरी २०१८ च्या मेमध्ये त्या गोव्याला पोचल्या. तीच ‘तारिणी’ २०२४ च्या २ ऑक्टोबरला दोघीजणींना घेऊन पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ ला परत आली. सुकाणू रुसले तर काय होते हे त्या नौकेने एकदा दाखवले होते. कपाटातल्या वस्तू मोजण्यापेक्षा सुकाणूचे दोर, कप्प्या आणि बिजागऱ्या आधी का तपासायच्या, हे त्यावरून कळावे.

शिडे हा भाग सावेडीला सोपा जाईल असे वाटते, कारण जवळच कापड बाजार आहे. तसा तो जाणार नाही. शीड कापडामुळे क्वचित फाटते. उन्हाने आधी शिवण कुजते, त्यामुळे दोरा मोलाचा. ताडपत्री शिवणारा कारागीर ही शिवण झकास घालून देईल. पण शीड घेऊन कापड बाजारात जाणे धोक्याचे आहे. लग्नसराईत मुरलेला विक्रेता गादीवर बसवून, पाणी देऊन, पांढऱ्या कापडाचे पंचवीस प्रकार उलगडून दाखवील आणि शेवटी काठाला जर घालून देऊ म्हणेल.

सावेडीचा शेवटचा फायदा सांगायचा तर तो मालकाच्या स्वभावाशी निगडित आहे. बंदरावर डागडुजी करणाऱ्याला समोर पाणी दिसत असते. ऑगस्टात चार दिवस उघडीप पडली की तो तळाच्या रंगाचा दुसरा हात टाळतो, ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणतो आणि नौका पाण्यात ढकलतो. सावेडीत असा मोह होत नाही. समोर शेजाऱ्याची बंगली असते, आणि शेजारी संध्याकाळी येऊन ही ॲव्हरेज किती देते, असे विचारतो. वाऱ्यावर चालते म्हटले की तो गप्प होतो. दुसऱ्या दिवशी तो जावयाला घेऊन येतो आणि जावई मेंटेनन्सचे विचारतो. या प्रश्नाला उत्तर द्यायला लागू नये म्हणून मालक नौकेच्या पोटात शिरून बसतो, आणि काम आपोआप होते. तळाच्या रंगाचे दोनच्या जागी तीन हात बसतात.

पाण्यात उतरवून पाहिल्याशिवाय नौका परत न्यायची नाही म्हणाल, तर राहुरीजवळचे मुळा धरण फार लांब नाही. मुळा नदी हरिश्चंद्रगडावरून येते, त्यामुळे नगरला पाऊस नसला तरी धरणात ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी चढते. सव्वीस टीएमसीचे धरण पंचवीस फुटी नौकेला पुरेल. जलसंपदा खात्याचा परवाना काढायला लागेल, आणि अर्जात ‘प्रयोजन’ या रकान्यात काय लिहावे यावर विचार करायला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. तिथे व्हॉल्व्ह गळतात का, सुकाणू फिरते का, इंजिनातून थंड पाणी बाहेर पडते का, एवढे पाहिले की पुरे; गोड्या पाण्यात नौका थोडी जास्त बुडते, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र दसऱ्याच्या आत ती माळशेजच्या खाली गेलेली बरी. एकदा बॉयलर पेटला की ट्रॅक्टर उसाला जुंपले जातात, हंगामी कामगार कामावर हजर होतात, आणि राहिलेला एक व्हॉल्व्ह बसवून द्यायला एप्रिलपर्यंत माणूस मिळत नाही. तोवर मे जवळ आलेला असतो आणि मालकाला ट्रेलरचे भाडे तेवढे वाचते.