इतिहास कोणाच्या अंगावर घालावा?

प्रत्येक माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रांची विषय समिती असते. जूनमध्ये ती स्थापन होते, तिची एक सभा होते, इतिवृत्तावर पर्यवेक्षकांची सही होते आणि पुढच्या जूनपर्यंत तिला कोणी त्रास देत नाही. पनवेल परिसरात ही समिती नव्याने ताब्यात घेणाऱ्या विषयप्रमुखासाठी पुढील मार्गदर्शन.

आरंभ तासिका वाटपाने करावा. इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांचे तास आधी लावून घ्यावेत. मग वेळापत्रकात उरलेल्या जागा, म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास, पीटीनंतरचा घामेजलेला तास आणि शनिवारचा शेवटचा, इतिहास-भूगोलाने बुजवाव्यात. शिक्षकांची निवडही याच न्यायाने. ज्यांचा कार्यभार भरत नाही त्यांची यादी काढावी. मराठीच्या मॅडमना दोन तास कमी पडतात? नववीचा इतिहास. चित्रकलेच्या सरांना तीन? भूगोलात नकाशे असतातच. बीएडला खरोखर इतिहास अध्यापनपद्धती घेतलेली एखादी व्यक्ती शाळेत सापडलीच, तर तिला यू-डायस संकेतस्थळावर शाळेची माहिती भरायला बसवावे. तिचा नेमकेपणा तिथे कामी येतो.

टाचण वही मात्र सर्वांची पूर्ण हवी. ज्याच्या नावाने पाठाची पंचपदी ओळखली जाते तो हर्बार्ट अठराव्या शतकात जर्मनीत जन्मला, पण तिच्या पायऱ्या अजून आपल्या वह्यांत चढल्या-उतरल्या जातात. वर्गात काय झाले हे वहीवरून कळत नाही. कळू नये अशीच तिची रचना आहे.

गुणांची विभागणी सोपी आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40 आणि अंतर्गत मूल्यमापन 20. या शेवटच्या 20 गुणांबाबत उदार असावे, सगळेच असतात. राज्यशास्त्र पुस्तकात मागे छापलेले असते, म्हणून वार्षिक नियोजनातही ते मागे टाकावे. म्हणजे ‘निवडणूक प्रक्रिया’ हे प्रकरण शिकवायची वेळ येते तेव्हा शिक्षक निवडणूक प्रक्रियेतच असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावता येत नाहीत. अपवाद फक्त जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकांचा. देश मोठा असल्याने अपवादांना खंड पडत नाही. पनवेल महानगरपालिकेचे मतदान 15 जानेवारी 2026 ला झाले, म्हणजे दहावीच्या सराव परीक्षांच्या हंगामात. मतदानयंत्र कसे बंद करून मोहोरबंद करतात, हे मतदान केंद्रावर बसलेल्या शिक्षकाइतके चांगले कोणाला सांगता येणार? पण परतल्यावर त्याने ते सांगत बसू नये. ‘थोडक्यात उत्तरे द्या’ लिहून घ्यावे.

खरी कसोटी पुस्तकाची आहे, कारण बालभारतीचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक थोडे धोकादायक आहे. त्यात ‘उपयोजित इतिहास’ आहे, ‘पर्यटन आणि इतिहास’ आहे, ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ आहे. एकूण मुलांना वर्गाबाहेर काढण्याचा कट. भूगोलाच्या पुस्तकाचे तर पहिलेच प्रकरण क्षेत्रभेट. त्यातली मुले नळदुर्गहून निघतात आणि थेट अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात. पनवेलच्या मुलांना अलिबाग शेजारच्या आळीइतके जवळ, म्हणून त्यांनी हा प्रवास बाकावर बसून वाचावा. क्षेत्रभेटीत कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, याचे उत्तर अजिबात न हलता पाठ करता येते आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. बाकी पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते. गाढी नदी शहराला लागून वाहते, पण ती नकाशात भरायला येत नाही. ॲमेझॉनच्या मुखाशी असलेले बेट येते.

बाहेर पडण्याचा मोह फार झाल्यास काय? गोवा महामार्गाने निघाले की पनवेलपासून थोड्याच अंतरावर शिरढोण लागते, वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. ते 1845 मध्ये इथे जन्मले आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. एडन कुठे, तिथेच का पाठवले, बोटीने किती दिवस लागत असतील, असे प्रश्न मुले विचारू लागली तर इतिहास आणि भूगोल एकाच तासाला होतील आणि वेळापत्रक कोलमडेल. पुढे कर्नाळा आहे: बेसॉल्टचा अंगठ्यासारखा सुळका, खाली पक्षी अभयारण्य, वर 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेला किल्ला. एका डोंगरावर इतके घटक असणे नियोजनाच्या दृष्टीने गैरसोयीचे. सहलीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रे आणि एसटीचे सवलतीचे आरक्षण एवढे जमवले की शाळा सहसा खोपोलीच्या मनोरंजन उद्यानाकडे वळते.

सर्वांत जपून हाताळायचे प्रकरण ‘सामाजिक व राजकीय चळवळी’. शेतकरी, आदिवासी, स्त्रिया, ग्राहक असे मुद्दे फळ्यावर लिहावेत. मुद्द्यांखाली उदाहरण मागू नये, कारण उलवे किंवा जासईकडचा एखादा मुलगा हमखास हात वर करतो. त्याच्या घरात ‘साडेबारा टक्के’ हा शब्द पाढ्यांच्या आधी शिकवलेला असतो. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, दि. बा. पाटलांनी लढा उभारला, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे सगळे त्याला आजोबांकडून कळलेले असते. आजोबा साधन म्हणून ग्राह्य धरावेत काय? पुस्तक ‘मौखिक साधने’ म्हणून धरते. समितीने हा विषय पुढील सभेवर ठेवावा.

नवी मुंबई विमानतळाचेही तसेच. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरात विमाने उडू लागली. त्याआधी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले, गावे हलली. प्राकृतिक रचना व जलप्रणाली, मानवी वस्ती, वाहतूक: दहावीच्या भूगोलाची तीन प्रकरणे शाळेच्या गच्चीवरून दिसतात. गच्चीला कुलूप असते, किल्ली शिपाईमामांकडे, आणि ते बोर्डाच्या कामावर.

जुने नकाशे जपून ठेवावेत. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते 1981 मध्ये. कपाटात कुलाबा लिहिलेला नकाशा निघालाच तर तो इतिहासाच्या शिक्षकांकडे द्यावा, आणि नव्याची मागणी दोन प्रतींत, मार्चअखेरीपूर्वी.